लाडोबा व्हिनेगर खात नाही

३ फेब्रुवारी

चि. खारीस,

आशीर्वाद शेवटी देईन. ते तुझ्या उत्तरावर अवलंबून आहेत.

माझ्या फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याला खेटून तू एक खोका ठेवून गेलीस. जाताना जिन्यावरून ओरडलीस की उघडू नकोस, फक्त थंड ठेव. जिन्यावरून ओरडण्याबद्दल आपण सवडीने बोलू. मी तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. "उघडू नका" असं सांगितलेली एकही पेटी मी न उघडता ठेवली नाही, आणि उघडलेली एकही रिकामी निघाली नाही.

हीसुद्धा नाही. आत काचेच्या तीन नळ्या, तोंडाला कापसाचे बोळे, आणि झाकणाच्या चपट्या बशांची एक चवड. एका नळीत नारिंगी, गुबगुबीत, अंगापिंडाने भरलेली बुरशी आहे. तिच्यावर तुझ्या अक्षरात लिहिलंय, "रानटी". दुसऱ्या दोन नळ्यांत पांढरी, मऊ, तोंड पाडून बसल्यासारखी बुरशी आहे. त्यांच्यावर "लाडोबा". बशांवर "व्हिनेगर".

चहा पिताना तू सांगितलंस ते मला आठवतं. रानटी पुढ्यात येईल ते खातो, साखर द्या नाहीतर व्हिनेगर द्या. लाडोबा फक्त साखर खातो. तर मला हे समजावून सांग की जो निमूटपणे सगळं खातो त्याला रानटी म्हणायचं आणि जो नखरे करतो त्याला लाडोबा, ही कुठली पद्धत? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर उकडलेलं बीट वाढायच्या आणि ताट लख्ख होईपर्यंत पाठीशी उभ्या राहायच्या. बीट मलाही आवडत नव्हतं. ते कुणालाच आवडत नव्हतं. बीटचा उद्देशच तो होता.

या पोराला नक्की काय झालंय ते सविस्तर लिही. मराठीत लिही. फोन मी कंपनीला परत केला आहे. त्यांच्या माणसाने मला "आजी, सोपं करून सांगतो" म्हटलं, त्याच दिवशी.

तुझी आत्या

८ फेब्रुवारी

ती. आत्यास,

नमस्कार. साष्टांग घालायला प्रयोगशाळेत तेवढी जमीन मोकळी नाही, तेव्हा उभ्या उभ्या स्वीकार.

लाडोबा नखरे करत नाही. त्याच्यात एक एन्झाइम नाही. एन्झाइम म्हणजे पेशीतला कारागीर. प्रत्येकाला एकच काम येतं आणि दुसऱ्याचं काम तो मरेपर्यंत करत नाही, थोडक्यात सरकारी कचेरी. आता साखर म्हणजे कार्बनचे सहा मणी एकत्र. व्हिनेगरमध्ये मणी दोनच. दोन-दोन मण्यांतून स्वतःचं शरीर बांधायचं तर पेशीत एक आडवाट असते, त्या वाटेने गेलं की मणी वाचतात आणि जोडले जातात. त्या आडवाटेवरचा एक कारागीर लाडोबात जन्मतःच गैरहजर आहे. मग मणी सरळ मोठ्या रस्त्याने जातात, जळतात आणि हवा होऊन उडून जातात. म्हणजे व्हिनेगर तो घेतो, पण त्याच्या अंगाला लागत नाही. आणि रानटी ही शिवी नाही गं. रानात सापडतो तसा, मूळचा, एवढाच त्याचा अर्थ.

आता नीट वाच. त्या दिवशी मी खोका तुझ्याकडे ठेवला तो आमचा फ्रिज कुरकुरत होता म्हणून. परवा तो नुसता बंद पडला नाही, उलटा चालायला लागला. दुरुस्तीवाला म्हणाला असं होतच नसतं, आणि हात शेकत उभा राहिला. आतलं सगळं शिजलं. माझे सगळे लाडोबा गेले. तुझ्या लोण्याशेजारच्या त्या दोन नळ्या, एवढाच लाडोबा आता जगात उरला आहे.

माझा सगळा प्रबंध त्याच्यावर आहे. बाहेरच्या परीक्षकांनी तो वाचून कळवलंय की हा वाण व्हिनेगरवर अजिबात वाढत नाही यावर त्यांचा विश्वास बसत नाही, ते २४ मार्चला येऊन डोळ्यांनी बघणार. व्हिनेगरचा खुराक घातलेली बशी कोरी राहिली तर मला पदवी. बशीवर काही उगवलं तर माझी दोन वर्षं पाण्यात आणि मी घरी.

बशा आपल्या चुकून त्या खोक्यात आल्या आहेत, राहू देत. मी येऊन घेऊन जाईन. तू काही करू नकोस. काही न करणं तुला जड जातं हे मला माहीत आहे, पण प्रयत्न कर.

तुझी,
खार

१५ फेब्रुवारी

चि. खारीस,

पत्र पोचलं. मण्यांचं समजलं, कारागिराचं समजलं. एवढं शिकलेली मुलगी असल्या सबबीवर विश्वास कशी ठेवते, ते मात्र समजलं नाही.

"खातो पण अंगाला लागत नाही." हे वाक्य मी दरवर्षी प्रवेशाच्या दिवशी प्रत्येक आईच्या तोंडून ऐकलं. हिला कांद्याच्या वासाने मळमळतं. हिला पालेभाजी बघून ताप येतो. हिच्या घशाचं भोकच लहान आहे. दोन महिन्यांनी त्याच मुली रांगेत उभ्या राहून "अजून आहे का" विचारायच्या. घशाचं भोक मोठं झालं म्हणून नाही. आई समोर नव्हती म्हणून.

तुझ्या बापाचंच बघ. दादा भोपळ्याच्या फोडी सदऱ्याच्या खिशात भरायचा आणि धुणं निघालं की घरात महाभारत. तू त्याचीच. घास गालात धरून तास-तास बसायचीस, म्हणून तर खार नाव पडलं. पण सुट्टीत माझ्याकडे आलीस की गिळायचीस की नाही? गिळायचीस.

लाडोबाला तू दोन वर्षं साखर भरवते आहेस. साखर समोर असताना व्हिनेगर कोण खाईल? मी खाणार नाही. तुझे परीक्षकही खाणार नाहीत. खोट पोरात नसते, वाढणाऱ्या हातात असते.

परीक्षकांची तारीख भिंतीवर लिहून ठेवली आहे. तू अगदी निश्चिंत राहा. मी लक्ष घातलं आहे.

आशीर्वाद. (थोडे.)

आत्या

१९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

लक्ष घातलं म्हणजे काय?

उलट टपाली लिही. "मी खोक्याला हात लावलेला नाही" एवढं एकच वाक्य लिही, बाकी काही नको, ख्यालीखुशाली नको. इथे मला घास उतरत नाहीये. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही.

खार

१ मार्च

चि. खारीस,

अनेक आशीर्वाद. सगळे, एकदम.

उत्तराला उशीर झाला. कामात होते, आणि अर्धवट निकाल कळवायची मला सवय नाही. आता कळवते. लाडोबा व्हिनेगर खातो.

मागे एकदा माझ्या ओट्यावर तू तुझं काम केलं होतंस, ते मी मटार सोलत बघितलं होतं. तेच केलं. ओटा पुसला. नाकातोंडाला रुमाल बांधला. विणकामाची सुई गॅसवर लाल होईपर्यंत धरली, गार केली, नळीचं तोंड ज्योतीवरून फिरवलं आणि लाडोबाला उचलून सगळ्या बशांवर पसरलं. चिमूटभर नाही, हात सैल सोडून. काम चालू असताना कुणी बोललं नाही. घरात मी एकटीच असते, तरीही सांगते.

सुरुवातीला त्याने अपेक्षेप्रमाणे तोंड फिरवलं. केसासारखे दोन-चार तंतू काढले आणि रुसून बसला. मी खिडकीत बशा मांडल्या, झाकणं जराशी तिरकी, म्हणजे कोवळं ऊन आणि मोकळी हवा मिळेल. उपाशी पोराला उन्हात ठेवलं की भूक लागते. साखर दाखवली नाही. सहानुभूती दाखवली नाही. रोज सकाळी समोर उभी राहून फक्त बघितलं. आणि एके दिवशी एका बशीत कोपऱ्यात पांढरा ठिपका. दुसऱ्या दिवशी टिकलीएवढा. चार दिवसांत बशीभर, कापूस पिंजल्यासारखा. पांढराच हं, नारिंगी नाही. तेव्हा रानटीने घुसखोरी केली असं म्हणायला जाऊ नकोस.

बाकीच्या बशांत सुधारणा नव्हती. त्या टाकल्या. मग वसतिगृहातला माझा हमखास उपाय केला. हट्टी मुलीच्या खोलीत मी नेहमी एक चांगली जेवणारी मुलगी टाकायची, म्हणजे बघून बघून वळण लागतं. तसं मी तुझ्या दोन्ही नळ्यांतला जुना मरगळलेला भाग खरवडून काढला आणि उरलेल्यावर या नव्या, शहाण्या लाडोबाला नेऊन बसवलं. आता दोन्ही नळ्या टवटवीत आहेत.

तुझ्या परीक्षकांनाही विद्यापीठाच्या पत्त्यावर कळवून टाकलं, की आपली शंका रास्त होती, मुलगा खातो, फक्त सांगणारं कुणी हवं होतं. त्यांना समाधान वाटेल.

आत्या

४ मार्च

आत्या,

तू त्याला शिकवलं नाहीस.

तू बशीवर हात सैल सोडून जे पसरलंस ते कोट्यवधी बीजाणू होते, बुरशीच्या बिया. त्यांतला एकही तुझ्याकडे बघत नव्हता. ते उपाशी बसले. उन्हाने काही मेले, काहींच्या आतल्या सूचना आणखी बिघडल्या. आणि कोट्यवधींत एखाद्याची जन्माची चूक नेमकी उलटी फिरून जागेवर बसते, गैरहजर कारागीर हजर होतो. तो एकटा वाढला. त्याला वळण लागलं नाही, तो तसा निघाला. बाकीचे होते तसेच होते, मरेपर्यंत. त्यांना तू केरात टाकलंस, आणि उरला त्याला शहाणा म्हणालीस.

याला शिकवणं म्हणत नाहीत. निवडणं म्हणतात. तांदूळ निवडतात तसं.

परीक्षकांना तू लिहिलंस यावर मी आत्ता काही लिहीत नाही, कारण हे पत्र पोस्टमनच्या हातून जाणार आहे.

शनिवारी येते. तोपर्यंत नळ्यांना हात लावू नकोस. त्यांच्यासमोर उभी राहू नकोस. त्यांच्याशी बोलू नकोस.

खार

९ मार्च

चि. खारीस,

शनिवारी तू आलीस, फ्रिज उघडलास, नळ्या उजेडात धरून बघितल्यास, ओढणीत गुंडाळल्यास आणि गेलीस. चहाला "नको" म्हणालीस. या वेळी जिन्यावरून ओरडलीही नाहीस. मी दारात उभी होते, तू ओरडशील म्हणून.

तुझा राग मला मान्य आहे, तुझा सिद्धान्त मान्य नाही. बुरशीचं असेल तसं. पण ते तांदळाचं वाक्य तू बुरशीबद्दल लिहिलेलं नव्हतंस, एवढं मला वाचता येतं. माझ्या मुली मी निवडल्या नाहीत, घडवल्या. शेवटच्या वर्षाला माझ्या भोजनगृहात एकही मुलगी अशी नव्हती जी ताटात काही टाकत असे. एकही नाही. ज्यांना जमलं नाही त्यांचे वडील येऊन त्यांना घेऊन गेले, पण तो विषय वेगळा.

वेगळा का, ते मी चार दिवस शोधते आहे. सापडला की कळवीन.

तोवर एवढंच सांग. त्या नळ्यांत जुना लाडोबा काही उरला आहे की नाही?

आत्या

१२ मार्च

ती. आत्यास,

उरला असावा. तू खरवडलंस पण तळापर्यंत नाही, देवाची कृपा. दोन्ही नळ्यांत दोघे मिसळून बसलेत. दोघेही पांढरे, दोघेही साखर खातात, नुसतं बघून ओळखू येत नाहीत. आणि तुझा शहाणा दांडगा आहे, त्याने जवळपास सगळी जागा घेतली आहे. हजारात एखादा जुना असेल.

एक जुनी युक्ती आहे. सगळे बीजाणू व्हिनेगरच्या पाण्यात सोडायचे. जे खातात ते वाढतात, लांब तंतू काढतात. जो खात नाही तो धुळीच्या कणासारखा बारीकच राहतो. मग पाणी कापडातून गाळायचं. वाढलेले कापडात अडकतात, न खाणारा खालून निसटतो. उरलेलं पाणी पुन्हा ठेवायचं, पुन्हा गाळायचं. शेवटी भांड्यात फक्त हट्टी उरले पाहिजेत. मग त्यांना साखर. थोडक्यात वस्त्रगाळ लाडोबा. खालून निसटला नाही तर सगळं संपलं.

अडचण कापडाची आहे. इथल्या जाळीतून सगळेच खाली पडतात. दुकानातून आणलेलं नवं कापड खळीने ताठ आहे, त्यातून काहीच पडत नाही. खूप धुऊन विरत आलेलं, मऊ, सुती हवं. मी तुझ्याकडे मागणार नव्हते. पण इतकी वर्षं वापरून आणि इतकं स्वच्छ धुऊन कापड जपणारं दुसरं कुणी मला आठवेना.

खार

१४ मार्च

चि. खारीस,

सोबतच्या पुडक्यात माझ्या रात्रीच्या गाऊनची पाठ आहे. पुढच्या बाजूला भरतकाम होतं, ते काढून ठेवलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतला होता. यापेक्षा विरलेलं कापड घरात नाही, आणि असतं तर ते मी कापड म्हटलं नसतं. दोनदा उकळलं आहे, इस्त्री केली आहे. परीक्षकांनी विचारलं तर गाळणं म्हण.

त्यांना दुसरं पत्र टाकलं. पहिल्या पत्रातला मुलगा हा नव्हे, चुकीचा मुलगा पुढे आला होता, खरा अजून मिळायचा आहे, असं.

आता माझी पंचाईत ऐक. सकाळी चहा घेताना मी काय म्हणत असते ठाऊक आहे? एक तरी अडेलतट्टू निघू दे. ज्याने इतकं ऊन खाल्लं, इतकी उपासमार काढली, समोर मी उभी असताना तोंड उघडलं नाही, असा एक. हे मी म्हणते. मी.

वसतिगृहात अशी एक होती. दुधाच्या खिरीचा वाडगा पुढ्यात घेऊन दुपारपासून बसली. मी समोर बसले. रडली नाही, बोलली नाही, चमचा उचलला नाही. संध्याकाळी भांडी घासणारी म्हणाली, बाई, वाडगा तरी द्या. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. मुलगी वाया गेली, असं मी तेव्हा शेऱ्यात लिहिलं होतं. सध्या मला तशीच हवी आहे.

गाळताना घाई करू नकोस.

आत्या

१७ मार्च

आदरणीय बाई,

सादर प्रणाम. आपली दोन पत्रं मिळाली. पहिल्यात आपण लिहिता की मुलगा खातो. दुसऱ्यात लिहिता की तो मुलगा हा नव्हे. माझ्या पत्नीने दोन्ही वाचली आणि मला काही प्रश्न विचारले, ज्यांची उत्तरं देताना माझी एक संध्याकाळ गेली. यापुढे पत्रात "बुरशी" हा शब्द वरच्या ओळीत यावा, ही विनंती.

मी २४ तारखेला येत आहे. आपल्या भाचीला मी वेगळं कळवलं आहेच, पण आपणासही सांगतो, कारण प्रकरण आपल्या देखरेखीखाली दिसतं. कोरी बशी मला पुरेशी नाही. मेलेली बुरशीही व्हिनेगरवर वाढत नाही. बशी माझ्यासमोर कोरी राहिली पाहिजे, आणि मग त्याच बशीत साखर टाकल्यावर तिथेच वाढ दिसली पाहिजे. जिवंत असून न खाणारा हवा. नुसता न खाणारा कुणीही दाखवील.

आपण प्रयोगशाळेत येऊ नये, हीही विनंती.

आपला नम्र,
परीक्षक

१९ मार्च

ती. आत्यास,

कापड मिळालं. चांगलं आहे. वाईट इतकंच की माझे मार्गदर्शक सर मधेच आले आणि गाळणं उचलून म्हणाले, याला काज का आहे?

तीनदा गाळून झालं. पहिल्यांदा कापडावर तुझ्या शहाण्यांचा जाड थर बसला, दुसऱ्यांदा विरळ, तिसऱ्यांदा जवळपास काही नाही. खालचं पाणी दिसायला नुसतं पाणी आहे. त्यात कुणी आहे की नाही, आणि असला तर जिवंत आहे की नाही, हे साखरेवर टाकल्याशिवाय कळणार नाही. आज टाकलं. आता वाट बघायची.

तुझ्या त्या मुलीबद्दल. पुष्कळ माणसांत दूध पचवणारं एन्झाइम मोठेपणी कमी होतं, काहींत लवकरच होतं. प्यायलं की पोट फुगतं, कळा येतात. बाहेरून काही दिसत नाही. ती खिरीवर रुसली असेलच असं नाही. मी तुला टोचायला लिहीत नाहीये. तू विचारलंस असं मला वाटलं.

खार

२८ मार्च

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. आज जमीन मोकळी केली आहे.

साखरेच्या बशीवर अकरा ठिपके आले. प्रत्येकातला थोडा उचलून व्हिनेगरवर ठेवला. दहा ठिपके दुसऱ्या दिवशी फुगले. तुझ्या गाऊनमधूनही निसटले ते, तुझ्या शिस्तीत वाढलेले. अकरावा तसाच बसला. दोन केसांएवढे तंतू, आणि पुढे काही नाही.

परीक्षक आले. बुटके आहेत, आणि छत्री आत आणतात. मी त्यांच्यासमोर त्या अकराव्याला ताज्या व्हिनेगरच्या बशीवर ठेवलं, त्यांनी झाकणावर सही केली आणि बशी कपाटात बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात घातली. तिसऱ्या दिवशी उघडली. बशी कोरी. त्यांनी ती खिडकीशी नेली, तिरकी धरली, चष्मा काढला, चष्मा घातला. सर माझ्याकडे बघेनात. मग परीक्षक म्हणाले, "आता मेला नसेल तर बरं," आणि स्वतःच्या हाताने साखरेच्या पाण्याचे दोन थेंब त्याच्यावर सोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटासमोर उभी होते. तू खिडकीसमोर उभी राहायचीस तशीच, मला वाटतं. त्यांनी कपाट उघडलं. त्या जागी पांढरा कापूस होता. एवढासा, टिकलीएवढा. परीक्षकांनी बशी सरांच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "बसा, डॉक्टर."

मी बसले. मग उठून बाहेर जाऊन रडले. मग कँटीनमध्ये दोन माणसांचं जेवले.

जाताना त्यांनी तुझ्या शहाण्याचीही एक नळी मागून घेतली. मोडलेला कारागीर नेमका कसा दुरुस्त झाला ते त्यांना बघायचंय. नळीवर काय लिहू, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ज्यांनी घडवला त्यांचं नाव." मी "आत्या" लिहिलं.

तुझी,
खार

२ एप्रिल

चि. डॉक्टर खारीस,

सगळे आशीर्वाद, मागचे रोखून ठेवलेले धरून.

तुझं पत्र मी खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते रुग्णाच्या तोंडात हात घालून उभे होते. रुग्णाने हात जोडून अभिनंदन केलं, त्याला बोलता येत नव्हतं.

आता तक्रार. नळीवर माझं नाव घातलंस, आणि तेही ज्याने सगळा घोटाळा केला त्याच्यावर. त्या अकराव्यावर घालायला काय झालं होतं? मान नको म्हणत नाही, पण मान चुकीच्या नळीवर आहे. आणि "ज्यांनी घडवला" असं परीक्षक म्हणाले त्याला तू दुजोरा दिलास की नाही? नाही दिलास. मीही देणार नाही. त्यांना एन्झाइममधलं कळत असेल, घडवण्यातलं कळत नाही. मलाही तितकंसं कळत होतं की नाही, याचा तपास चालू आहे.

दुधाचं लिहिलंस ते वाचलं. त्यावर आज काही लिहीत नाही. तिच्या वडिलांचा पत्ता जुना आहे, पण पोस्टमन म्हणतो टाकून बघा.

पुढच्या रविवारी तू माझ्याकडे जेवायला यायचं आहेस. काय करू ते कळव. आणि तुला काय आवडत नाही तेही कळव. हा प्रश्न मी आजवर कुणालाही विचारलेला नाही, तोंडी कसा विचारतात मला ठाऊक नाही, म्हणून लिहून विचारते आहे.

तुझी
आत्या